रथात शेजारी कोण बसणार?

(हंगामाच्या उपकारस्तुतीनिमित्त भरलेल्या हितचिंतकांच्या सभेत केलेले भाषण)



आज हंगामाची उपकारस्तुती आहे. समोर ज्वारीची कणसे, तांदूळ, भोपळे, नारळ मांडलेले दिसतात. अशा दिवशी शेतकऱ्याने पिकाचा खरा हिशेब द्यावा. जे आले ते सांगावे, आणि जे जळाले तेही सांगावे. माझ्या वाट्याला आलेले शेत म्हणजे मेळघाटातल्या धारणी तालुक्यातले दोन पाडे आणि तिथले आपले संध्याकाळचे अभ्यासवर्ग. पहिली ते पाचवीची मुले दिवसा शाळेत जातात आणि दिवेलागणीला आपल्याकडे येतात. बहुतेक सगळी कोरकू घरांतली आहेत.

दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळीने या मुलांसाठी बारा टॅब दिले. आपल्या त्रैमासिकात त्याचा फोटोही आला होता. मुले ओळीत बसलेली, प्रत्येकाच्या हातात टॅब, चेहऱ्यांवर उजेड. त्याखाली 'आता आमची मुले टॅबवर शिकतात' अशी ओळ होती. ती ओळ मी लिहिली होती. मुलांच्या हातात टॅब होते, एवढे खरे होते. मुले शिकत होती, हे मात्र मी तपासले नव्हते. आज ते आपणांपुढे कबूल करायला मी उभी आहे.

झाले असे. टॅबमध्ये मराठी वाचनाचा एक खेळ होता. पडद्यावर चार ओळींचा उतारा येई, खाली प्रश्न आणि तीन उत्तरे. बरोबर उत्तरावर बोट ठेवले की घंटी वाजे आणि एक तारा मिळे. तिसरीतली एक मुलगी या खेळात सर्वांच्या पुढे होती. तिचे तारे मोजून मी खूश व्हायची. एका संध्याकाळी सहज तिच्याजवळ बसले आणि विचारले, "बेटा, आत्ता काय वाचलंस? मला सांग ना." ती गप्प. मी पुन्हा विचारले. तिने मान खाली घातली. मग टॅब माझ्यापुढे धरून तिने पटापट तीन उत्तरांवर बोट ठेवून दाखवले. पहिल्यावर घंटी नाही, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर घंटी. पुढच्या वेळी तोच उतारा आला की तिसरे उत्तर. तिने खेळ शिकला होता, आणि हुशारीने शिकला होता. उताऱ्याचा एक शब्दही तिला कळला नव्हता.

आमच्या वर्गात मदतीला त्याच पाड्यातली एक कोरकू ताई येते. ती दहावी झालेली आहे. तिने त्या मुलीला तोच उतारा कोरकूत सांगितला आणि प्रश्न विचारला. उतारा नदीच्या पुराचा होता. आणि ती मुलगी बोलू लागली! त्यांच्या नाल्याला पूर आला तेव्हा काय झाले, बकरी कुठे अडकली, बाबाने तिला कशी काढली. थांबेचना. ताई हसत माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, हिला सगळं येतं. फक्त तुमचं विचारणं येत नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ईश्वरविज्ञानाच्या पदविकेसाठी मी तीन वर्षे घालवली. वीस मिनिटांचा उपदेश कसा बांधावा हे तिथे शिकले. पण समोरच्याला काय कळले हे कसे पाहावे, ते मला त्या दहावी झालेल्या ताईने शिकवले.

पहाटे प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय उघडला. गोष्ट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. गाझाकडे जाणाऱ्या वाटेवर हबशी राणीचा मोठा अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचत होता. त्या काळी हाताने लिहिलेला ग्रंथ स्वतःजवळ असणे म्हणजे केवढी गोष्ट! आजच्या भाषेत बोलायचे तर सगळ्यांत महागडे साधन त्याच्या हातात होते. तो वाचतही होता, मोठ्याने. फिलिप्प धावत रथाजवळ गेला आणि त्याने एकच विचारले, वाचता ते समजते का? अधिकारी प्रामाणिक होता. कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजेल, असे तो म्हणाला. मग फिलिप्प रथात चढून त्याच्या शेजारी बसला, आणि तो जिथे अडला होता त्याच वचनापासून त्याने सुरुवात केली.

बंधुभगिनींनो, मूल कसे शिकते यावर गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ अभ्यास झाला आहे. मी काही त्यातली पंडित नाही. कामापुरते वाचले, आणि मुलांबरोबर करून पाहिले. त्यातल्या तीन गोष्टी आपणांपुढे ठेवते. तिन्ही गोष्टी मला त्या रथात दिसतात.

पहिली गोष्ट. मुलाला आधीपासून जे येते, तिथूनच शिकणे सुरू होते. डेव्हिड ऑसुबेल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली आपल्या ग्रंथात हेच सगळ्यांत महत्त्वाचे सूत्र म्हणून मांडले. विद्यार्थ्याला काय ठाऊक आहे ते आधी शोधा आणि त्याप्रमाणे शिकवा. आमच्या मुलांना काय ठाऊक असते? जंगल, नाला, मोहाची फुले, बैल, पाऊस आणि कोरकू भाषा. पुष्कळांना वाटते की कोरकू ही मराठीची किंवा हिंदीची एखादी बोली असावी. तसे नाही. झारखंडमधल्या मुंडारी आणि संथाळी यांच्या कुळातली ती भाषा आहे. पाण्याला कोरकूत 'डा' म्हणतात. पहिलीतले मूल पाण्याचे चित्र पाहून 'डा' म्हणते आणि आपण ते चुकले असे समजतो. आपल्या लहानग्यांना पहिल्याच दिवशी तमिळ पुस्तक दिले आणि तमिळमध्येच प्रश्न विचारले, तर ती किती बोलतील?

आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-अ सांगतो की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय व्हावी. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. आणि आपण तर पन्नासाव्या दिवसाच्या सणाचे लोक. त्या दिवशी जमलेल्या प्रत्येकाने आपापल्या जन्मभाषेत ऐकले. आधी सगळ्यांनी एक भाषा शिकावी, मग ऐकावे, अशी अट तिथे घातली गेली नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली, ती साध्यासुध्या बायांना समजावे म्हणून. आपल्यासाठी कोणीतरी ते कष्ट घेतले. कोरकू मुलांसाठी ते कोण घेणार?

यावर एक पालक मला म्हणाले, "मॅडम, कोरकू तर घरी येतंच. मराठी नाही शिकवली तर पोरगा तहसीलमध्ये काय बोलणार?" त्यांचे म्हणणे अगदी रास्त आहे. मराठी शिकायचीच आहे. पण मराठीच्या घरात शिरायचे तर उंबरठा कोरकूचा लागतो. आधी कोरकूत समजलेली गोष्ट मग मराठीत वाचली की मूल अक्षरांशी झगडताना अर्थ हरवून बसत नाही. आपल्या मनात एका वेळी फार थोडे मावते. प्रत्येक अक्षर जुळवण्यात सगळी शक्ती गेली तर ओळीच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते. शब्द ओळखीचे असतील तर हे ओझे निम्मे होते.

दुसरी गोष्ट. आधी हात, मग चित्र, मग चिन्ह. जेरोम ब्रूनर यांनी शिकण्याच्या या तीन पायऱ्या सांगितल्या. आधी वस्तू हाताळायची, मग तिचे चित्र पाहायचे, आणि शेवटी अंक किंवा अक्षर. टॅब मुलाला एकदम दुसऱ्या पायरीवर नेऊन बसवतो. पडद्यावरचा आंबा हातात येत नाही.

आमचा अनुभव सांगते. मुले पंचवीस हा अंक ५२ असा लिहीत. आम्ही टॅबवर तोच सराव पुन्हा पुन्हा देत राहिलो, चूक तीच. मग लक्षात आले की मराठीत आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. ऐकल्याप्रमाणे लिहिले तर ५२च होणार! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचन आले तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला, आपणांला आठवत असेल. त्या वादात मी पडत नाही. पण ज्या मुलाची भाषा मराठी नाही, त्याच्यापुढची ही अडचण खरी आहे.

ताईने टॅब बाजूला ठेवले आणि मुलांना विचारले, उन्हाळ्यात तेंदूपत्ता कसा मोजता? सगळ्यांचे हात वर! ही मुले आईबापांबरोबर पहाटे जंगलात जातात आणि मोजून पानांचे पुडे बांधतात. पुडा म्हणजे अनेक पानांची मिळून एक वस्तू, हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. मग बांबूच्या काड्या आणल्या. मुलांनी कोरकूत मिया, बारी असे करत मोजले आणि दहा काड्यांचा एक पुडा बांधला. दोन पुडे आणि पाच सुट्या काड्या. डावीकडे पुडे लिहायचे, उजवीकडे सुट्या. आठवडाभर काड्या, मग पाटीवर काड्यांची चित्रे, मग अंक. त्यानंतर टॅबवरचा सराव दिला. तेव्हा मात्र टॅब कामाला आला, कारण तो कंटाळत नाही. एकच गोष्ट वीसदा विचारतो आणि चुकले तर रागावत नाही. आठ दिवसांनी पुन्हा तेच विचारले, पंधरा दिवसांनी पुन्हा. शिकलेले असे मधूनमधून आठवायला लावले की ते पक्के बसते, हेही अभ्यासकांनी दाखवून दिलेले आहे.

तिसरी गोष्ट शेजारी बसणाऱ्याची. लेव्ह वायगॉट्स्की नावाचे रशियन मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. ते १९३४ साली वारले, जेमतेम सदतीस वर्षांचे होते. त्यांचे सांगणे असे की काही गोष्टी मुलाला एकट्याला जमतात आणि काही कितीही मदत केली तरी आज जमत नाहीत. या दोन्हींच्या मध्ये एक पट्टा असतो. तिथे कोणी जाणते माणूस जवळ असेल तर मूल ते करू शकते, आणि आज मदतीने केलेले उद्या एकटे करते. सगळे शिकवणे त्या पट्ट्यात घडते. सायकल शिकवताना आपण मागून सीट धरतो आणि मुलाला न सांगता हळूच सोडतो, तसे. कधी धरायचे आणि कधी सोडायचे हे त्या मुलाकडे बघणाऱ्यालाच कळते. मूल गप्प आहे ते समजले म्हणून, समजले नाही म्हणून, की दुपारी जेवले नाही म्हणून, हे आमच्या टॅबला सांगता येत नाही. ताईला येते.

हे काही परदेशातलेच ज्ञान नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हेच केले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणतात ती हीच. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत, म्हणून बिया, शिंपले, पाने, खडे ही साधने केली. मूल जिथे आहे तिथे जाणे, त्याच्याजवळ जे आहे त्यातून शिकवणे. रथ पुढे चालला होता, म्हणून फिलिप्प धावला.

मग आता टॅब कपाटात गेले का? नाही. बारापैकी नऊ चालू आहेत, आणि त्यांचा उपयोग आम्ही बदलला आहे. पूर्वी मुले टॅबचे ऐकत, आता टॅब मुलांचे ऐकतो.

पाड्यातल्या एका आजीची गोष्ट ताईने टॅबवर कोरकूत ध्वनिमुद्रित केली. मुलांनी ती ऐकून चित्रे काढली. मग ताईने आणि मुलांनी मिळून ती देवनागरीत आधी कोरकूत आणि खाली सोप्या मराठीत लिहिली. चित्रांचे फोटो घेतले, त्यांना मुलांचाच आवाज जोडला. नेटवर्क नसले तरी हे सगळे चालते. आजीला तिचाच आवाज ऐकवला तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन आजी घेऊन आली. असे आमचे वाचनालय तयार होत आहे.

दुसरा उपयोग असा. दर शनिवारी प्रत्येक मूल एक उतारा मोठ्याने वाचते आणि ते आम्ही नोंदवून ठेवतो. महिन्याने त्याला त्याचाच जुना आवाज ऐकवतो. ज्या मुलीची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, तिने जुलैतले आपले अडखळते वाचन ऑक्टोबरमध्ये ऐकले. म्हणाली, "मी अशी वाचत होते?" आणि तोच उतारा सरळ वाचून दाखवला. मी विचारले, "काय वाचलंस?" तिने मराठीत तीन वाक्ये सांगितली. त्यातल्या एका वाक्यात चूक होती. त्या रात्री मी नीट झोपले.

सगळे साधले असे मी म्हणणार नाही, नाहीतर पुन्हा त्या फोटोसारखे होईल. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात, मुले बरोबर जातात आणि होळीला परततात. तेवढ्या महिन्यांत पुष्कळ पुसले जाते. पाचवीतली काही मुले अजून दुसरीचा उतारा वाचू शकत नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही इयत्ता बाजूला ठेवून, ज्याला जे येते त्याप्रमाणे गट केले आहेत. त्याला वेळ लागतो, आणि माणसे लागतात.

आता शेवटचे, आणि तेच बोलायला मला सर्वांत जड जाते आहे. आपल्यातल्या एका हितचिंतकांनी दोन्ही वर्गांपैकी एकासाठी मोठा डिजिटल फळा देण्याची इच्छा कळवली आहे. त्यांचे प्रेम मी जाणते. त्यांच्यामुळे मागच्या पावसाळ्यात आपल्या वर्गावर पत्रे चढले. त्याच सुमारास आमच्या हिशेबात दुसरी गोष्ट दिसते. ताईचे मानधन महिना पाच हजार रुपये आहे, आणि त्याची तरतूद येत्या मार्चअखेर संपते. त्या फळ्याच्या पैशांत ताईचे जवळजवळ दोन वर्षांचे मानधन निघते.

फळ्याचा फोटो सुंदर येईल, हे मला ठाऊक आहे. त्यावर देणाऱ्याचे नाव लावता येते. ताईवर नाव लावता येत नाही. ती संध्याकाळी घरची भाकरी थापून येते, मुलांमध्ये मांडी घालून बसते, आणि तिचा फोटो काढला तर ती फक्त बसलेली दिसते. पण उद्या कोणी मला म्हणाले, टॅब ठेव नाहीतर ताई ठेव, तर मी क्षणभरही थांबणार नाही. म्हणून त्या हितचिंतकांना मी काल पत्र लिहिले आणि हेच नम्रपणे कळवले. आज आपणां सर्वांपुढेही तीच विनंती करते. साधने देऊ नका असे नाही. पण प्रत्येक साधनाबरोबर त्याच्या शेजारी बसणाऱ्या माणसाचाही विचार करा. बिघडलेले तीन टॅब दुरुस्त करायला आपल्या तरुण संघातले कोणी पुढे आले, तर तीही मोठी सेवा होईल.

आणखी एक मागणे. यापुढे मी आपल्या त्रैमासिकात किती टॅब, किती तास असे लिहिणार नाही. किती मुलांनी वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगितले आणि कितींना अजून जमले नाही, हे दोन्ही लिहीन. आकडा लहान असेल. तो वाचून नाराज होऊ नका, त्यासाठी प्रार्थना करा. आणि कधी वेळ काढून वर्गाला भेट द्यायला या. आलात तर मुलांना तारे किती मिळाले हे विचारू नका. जवळ बसा आणि फिलिप्पाने विचारले तेच विचारा. कोरकूत कसे विचारायचे ते ताई शिकवेल.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. सलाम.